घर शोधायला कर्जत लाइनवर

कल्याण सुटलं की मध्य रेल्वेचे दोन फाटे होतात. एक ईशान्येला कसाऱ्याकडे, थळ घाटाच्या पायथ्याशी जातो. दुसरा आग्नेयेला कर्जतकडे, बोरघाटाच्या पायथ्याशी. मुंबईतल्या मराठी कुटुंबांचे पत्ते कित्येक दशकं याच रुळांवरून पुढे सरकत आले आहेत. गिरगावातून दादर, दादरहून मुलुंड-ठाणे, तिथून डोंबिवली, आणि डोंबिवलीही परवडेनाशी झाली तेव्हा बदलापूर. प्रत्येक पिढी आधीच्या पिढीपेक्षा दहा-वीस किलोमीटर लांब राहायला गेली, आणि प्रत्येकीने नातेवाइकांकडून ‘एवढ्या लांब?’ हे ऐकून घेतलं.

माझा भाचा आणि भाचेसून सध्या याच वळणावर आहेत. मुलुंडला भाड्याच्या वन रूम किचनमध्ये चौघं राहतात. मुलगी सातवीत जाणार, मुलगा चौथीत. भाच्याची कचेरी दादरला, सुनेची ठाण्यात. दोघांचे पगार मिळूनही मुलुंडात विकत घर होत नाही, म्हणून कर्जत लाइन बघायचं ठरलं. मी या बाजूच्या डोंगरांत तरुणपणी पुष्कळ भटकलो आहे, तेव्हा मला बरोबर घेतलं. डोंगर मला माहीत होते हे खरं. पण गावं मी कायम पाठीवर सॅक घेऊन, पहाटेच्या अंधारात ओलांडली होती. तिथे माणसं कशी राहतात हे पाहायची वेळ आलीच नव्हती. दिवस जूनच्या सुरुवातीचे, शाळा उघडायच्या आधीचे.

निघतानाच सुनेने कसोटी सांगून टाकली. “मामा, आम्ही दोघं संध्याकाळी सात-आठशिवाय घरी पोचणार नाही. तोपर्यंत मुलांना जे काही लागेल ते त्यांना चालत जाऊन मिळालं पाहिजे. शाळा, मैदान, वाचनालय, मैत्रिणीचं घर. गुडघा फुटला तर डॉक्टर. बाकी डोंगर, धबधबे आपण रविवारी बघू.” भाच्याच्या फोनमध्ये मात्र डोंगरांच्या पार्श्वभूमीवर उभ्या इमारतींची चित्रं होती. हा मतभेद पुढे खोपोलीपर्यंत आमच्या सोबत होता.

विठ्ठलवाडी आणि उल्हासनगर आम्ही खिडकीतूनच पाहिलं. उल्हासनगरचा जन्म फाळणीतला. दुसऱ्या महायुद्धात इथे लष्कराची छावणी होती. सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिच्या बराकींमध्ये ठेवलं गेलं, आणि १९४९ साली गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वस्तीला गावाचं रूप आणि नाव मिळालं. आपण कुठे राहायचं हे निवडायची चैन त्या माणसांना नव्हती. डब्यात बसून कॉम्प्लेक्सच्या माहितीपत्रकांची तुलना करताना हे जाणवून जरा संकोचल्यासारखं झालं.

अंबरनाथला उतरलो. सीएसएमटीपासून साठ किलोमीटर. इथलं शिवमंदिर शिलाहारांच्या काळातलं, त्यातल्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० चा उल्लेख आहे. महाराष्ट्रात भूमिज शैलीची जी जुनी देवळं उरली आहेत त्यांत हे फार महत्त्वाचं. बहुतेक देवळांत देवाकडे पायऱ्या चढून जावं लागतं, इथे गाभाऱ्यात उतरावं लागतं. शिखराचा वरचा भाग नाही, त्यामुळे खाली उभं राहून मान वर केली की थेट आभाळ दिसतं. पोरं हरखून गेली. बाहेरच्या भिंतीवर इंचभर जागा कोरल्यावाचून सोडलेली नाही. धाकटा हत्ती शोधत देवळाभोवती फिरत राहिला.

पण देवळाला लागूनच वालधुनी वाहते. ‘वाहते’ म्हणायचं ते जुन्या ओळखीने. उल्हासनगर-अंबरनाथच्या कारखान्यांचं आणि गटारांचं पाणी पोटात घेऊन तिचा रंग आणि वास दोन्ही बदलले आहेत. साडेनऊशे वर्षांपूर्वी कारागिरांनी ही जागा निवडली तेव्हा ती निवडण्याचं कारण ही नदीच असणार.

अंबरनाथ हे खरं तर नुसतं राहायचं गाव कधीच नव्हतं. १९२० च्या दशकात इथे विमकोचा काडेपेट्यांचा कारखाना आला, पुढे आयुध निर्माणीचा, मग औद्योगिक वसाहत. त्यामुळे सकाळी मुंबईकडे जाणारी गर्दी आहे तशी अंबरनाथला कामावर येऊन उतरणारीही आहे. आयुध निर्माणीच्या वसाहतीचा भाग पाहून सुनेची पावलं मंदावली. जुनी मोठी झाडं, बैठ्या इमारती, मैदान, केंद्रीय विद्यालय. मुलांना सायकलवर सोडून द्यावं असा भाग. पण तो सरकारी नोकरांचा. बाहेरच्याला जी घरं मिळतात ती नव्या इमारतींत, आणि त्यांतल्या बऱ्याच औद्योगिक पट्ट्याच्या बाजूला. एका इमारतीच्या गच्चीवर उभे असताना रसायनाचा उग्र दर्प आला. दाखवायला आलेला माणूस म्हणाला, “हा कधीतरीच येतो.” खाली रखवालदाराला विचारलं, तर तो म्हणाला, “रात्री येतो.” सुनेने वहीत अंबरनाथवर रेघ मारली. मला ते थोडं घाईचं वाटलं, कारण गावाची जुनी बाजू चालण्यासारखी आहे. पण घर माझं नव्हतं.

अंबरनाथ ते बदलापूर हे अंतर आठ किलोमीटर. मधे चिखलोली हे नवं स्थानक होऊ घातलंय, आणि ते व्हायच्या आधीच त्याच्या नावाने इमारती विकल्या जात आहेत.

बदलापूरला फलाटाबाहेर पडताच जांभळं. आसपासच्या पाड्यांवरच्या बाया पाटीत पानं अंथरून बसलेल्या. इथल्या जांभळाला अलीकडेच भौगोलिक मानांकन मिळालं आहे. टपोरं, गर जास्त, बी लहान. ज्या जमिनींवर ही झाडं आहेत त्यांनाच इमारतींसाठी भाव आलाय, त्यामुळे मानांकन मिळालं ते बरं झालं, पण झाडं किती राहतील हा प्रश्न आहेच. जिभा जांभळ्या करून आमची वरात गावात शिरली.

रेल्वेने बदलापूरचे दोन तुकडे केलेत. पूर्वेला कुळगाव, कात्रप. पश्चिमेला मांजर्ली, हेंद्रेपाडा, बेलवली आणि त्यापलीकडे उल्हास नदीच्या बाजूला मूळ बदलापूर गाव. नगरपरिषदेचं नावही म्हणूनच जोडनाव आहे, कुळगाव-बदलापूर. २००१ मध्ये इथे लाखाच्या आतबाहेर माणसं होती, २०११ च्या जनगणनेत ती पावणेदोन लाखांच्या आसपास गेली. त्यानंतर जनगणनाच झालेली नाही, पण सकाळी सातला जिन्यावर उभं राहिलं तर आकड्याची गरज पडत नाही.

इथे राहणाऱ्यांशी बोलताना एक गोष्ट लक्षात आली. बदलापूरचं मोठं आकर्षण काय, असं विचारलं तर कोणी डोंगर सांगत नाही, नदी सांगत नाही. “गाडी इथून सुटते” हे सांगतात. बदलापूर लोकल इथूनच भरते, म्हणून बसायला मिळतं. कर्जतहून आलेल्या गाडीत चौथ्या सीटवर टेकायचं की दहा मिनिटं थांबून बदलापूरची विंडो पकडायची, यावर लोक आयुष्य आखतात. अंबरनाथची काही मंडळी तर जागेसाठी आधी उलट बदलापूरला येतात आणि त्याच गाडीने परत निघतात. भाच्याने दादरचा हिशेब मांडला: घरापासून कचेरीच्या खुर्चीपर्यंत पावणेदोन तास. सुनेचा हिशेब निराळा निघाला. ठाणे इथून चौतीस किलोमीटर, गाडीत पाऊण-एक तास. एकाच घरातल्या दोन माणसांसाठी हे गाव दोन वेगवेगळ्या अंतरांवर होतं. घर ठरवताना कुटुंबाचा ‘प्रवासाचा वेळ’ असा एकच आकडा मांडतात, तो कसा फसवा असतो हे मला पहिल्यांदा कळलं.

आणि या दोन अंतरांच्या मधल्या पोकळीत बदलापुरात एक आख्खी अर्थव्यवस्था उभी आहे. पाळणाघरं, पोळी-भाजी केंद्रं, शिकवण्या, शाळेतून क्लासला आणि क्लासमधून घरी मुलं सोडणाऱ्या व्हॅन, स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका. त्यांतली बरीचशी चालवणाऱ्या बायका एके काळी स्वतः लोकलने मुंबईला जात होत्या. कात्रपमध्ये पाळणाघर चालवणाऱ्या एका बाईंशी सुनेने बराच वेळ गप्पा मारल्या. त्या म्हणाल्या, “आईबाप घराकडे बघून येतात. मी म्हणते, आधी संध्याकाळी पाच ते आठ या वेळेत गावात फिरून बघा. मुलं कुठे असतात ते दिसेल.”

म्हणून आम्ही पाच वाजता फिरलो. जुन्या भागात मुलं रस्त्यावर, देवळाच्या आवारात, इमारतींच्या मधल्या मोकळ्या जागेत होती. दुकानदार त्यांना नावाने हाका मारत होते. नव्या मोठ्या संकुलांत पोहण्याचा तलाव आहे, झोपाळे आहेत, फाटकावर रखवालदार आहे, पण फाटकाबाहेर पाऊल टाकलं की मोठा रस्ता, पदपथ नाही, आणि जवळची शाळा रिक्षाच्या अंतरावर. तिथल्या मुलांना वही आणायलासुद्धा कोणीतरी मोठं माणूस लागतं. ते मोठं माणूस त्या वेळी घाटकोपरला फलाटावर उभं असतं.

बदलापुरात ग्रंथसखा नावाचं वाचनालय आहे. श्याम जोशी यांनी उभं केलेलं. जुनी, दुर्मीळ मराठी पुस्तकं आणि नियतकालिकं यांच्या संग्रहासाठी दूरदूरचे अभ्यासक त्याचं नाव घेतात. वाढत्या उपनगरात, जिथे जमिनीच्या प्रत्येक फुटाचा भाव ठरलेला आहे, तिथे एका माणसाच्या ध्यासातून असा संग्रह उभा राहावा याचं मला फार अप्रूप वाटलं. भाच्याच्या मुलीला दुर्मीळ ग्रंथांचं काही नाही, पण गावात पुस्तकांसाठी ओळखली जाणारी जागा आहे हे तिने मनात टिपलं असावं.

बदलापूर म्हटल्यावर एक विषय टाळता येत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये इथल्या एका शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झालं आणि २० तारखेला हजारो माणसं रुळांवर उतरली. दिवसभर कर्जतकडची वाहतूक बंद राहिली. त्या जमावात रोज हीच गाडी पकडणारे आईबाप होते. मूल ज्यांच्या भरवशावर सोडून आपण साठ-सत्तर किलोमीटर लांब जातो, तो भरवसाच मोडला, असा तो संताप होता. त्यानंतर राज्यभर शाळांतल्या कॅमेऱ्यांची, कर्मचाऱ्यांच्या पडताळणीची आणि विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठी असलेल्या सखी सावित्री समितीची चर्चा झाली. ही समिती प्रत्येक शाळेत असायला हवी असा शासनाचा आदेश त्याच्या आधीपासूनच होता. सुनेने ज्या ज्या शाळेत चौकशी केली तिथे पहिला प्रश्न हाच विचारला: समितीत पालक कोण आहेत, बैठक कधी झाली? एके ठिकाणी वही काढून दाखवली. एके ठिकाणी फीचं पत्रक पुढे केलं. दुसरा प्रश्न यू-डायस क्रमांकाचा, म्हणजे शाळेच्या सरकारी नोंद-क्रमांकाचा. अनधिकृत शाळांच्या याद्या शिक्षण विभाग दरवर्षी जाहीर करतो, आणि झपाट्याने वाढणाऱ्या गावांत अशा शाळा निघतातच. इमारत चकचकीत असली म्हणजे मान्यता असतेच असं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पश्चिमेला, नदीकडे. जूनच्या सुरुवातीला, पाऊस धड सुरू झालेला नसताना, कोकणातल्या बहुतेक नद्या खडकांचे सांगाडे झालेल्या असतात. उल्हासला मात्र पाणी होतं. हे पाणी मुळात तिचं नाही. सह्याद्रीच्या माथ्यावर आंध्रा नदीवर टाटांनी ठोकरवाडीचं धरण बांधलं. आंध्रा इंद्रायणीला मिळते, इंद्रायणी भीमेला, म्हणजे ते पाणी बंगालच्या उपसागराकडे जायचं. धरणातून ते बोगद्याने आणि नळांनी पश्चिमेला उतरवून १९२२ मध्ये भिवपुरीला वीजघर सुरू झालं. जनित्रं फिरवून झाल्यावर पाणी खाली पेज नदीत सोडतात, पेज उल्हासला मिळते, आणि उल्हास भर उन्हाळ्यात वाहती राहते. बदलापूरपासून खाली कितीतरी शहरं हेच पाणी पितात. शंभर वर्षांपूर्वी मुंबईतल्या गिरण्या आणि आगगाड्या यांच्या विजेसाठी घाटावरचं पाणी वळवलं गेलं नसतं, तर या काठावर एवढी वस्ती वसणं अवघड होतं. बदलापूरला पाणी जीवन प्राधिकरण देतं. तरी नव्या इमारतींत टँकर येतात. ते किती येतात हे विक्रेत्याला न विचारता खालच्या वाण्याला विचारावं.

पावसाळ्यात मात्र हीच नदी गावात येते. २६ जुलै २००५ ला आली, २०१९ च्या जुलैअखेर आली. हेंद्रेपाड्याकडच्या एका जुन्या इमारतीत तळमजल्यावरच्या आजोबांनी भिंतीवर पाण्याची खूण दाखवली, माझ्या खांद्याच्या वर. पाटबंधारे खातं नकाशावर दोन पूररेषा आखतं. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. २००५ आणि २०१९ यांच्यात चौदाच वर्षं आहेत हे आजोबांनीच मला बोटांवर मोजून दाखवलं. ‘नदीदर्शन’ म्हणून ज्या गॅलऱ्या विकल्या जातात त्यांच्यासाठी हा नकाशा आधी मागून बघावा.

बदलापूर सोडलं की गाडीचा डबा मोकळा होतो आणि दोन्ही बाजूंना जग बदलतं. उजवीकडे चंदेरीचा सुळका, त्याच्या शेजारी म्हसमाळ, नवरा-नवरी. पायथ्याच्या खाचरांत राब भाजून काळी झालेली जमीन. काही ठिकाणी धूळवाफेवर भात पेरून झालेलं. आगरी आणि कुणबी गावं, वर डोंगरात ठाकर-कातकऱ्यांच्या वाड्या. याच टप्प्यात, बदलापूर आणि वांगणीच्या मधे, २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली होती आणि हजारभर प्रवाशांना बोटींनी काढावं लागलं होतं. खिडकीतून पाहताना विश्वास बसत नाही. रुळांच्या दोन्ही बाजूंना सपाट, निरुपद्रवी शेतं. ती सपाट आहेत याचाच अर्थ तिथे पुराचं पाणी पसरतं.

वांगणी छोटं स्थानक. घरं स्वस्त, म्हणून अनेक दृष्टिहीन कुटुंबं इथे येऊन स्थायिक झाली आहेत. लोकलमध्ये किरकोळ वस्तू विकणारे बरेचजण इथलेच. १७ एप्रिल २०२१ रोजी इथल्या फलाटावर आपल्या दृष्टिहीन आईबरोबर चालणारं एक मूल रुळांवर पडलं आणि मयूर शेळके या पॉइंट्समनने समोरून गाडी येत असताना धावत जाऊन त्याला वर उचललं. ते दृश्य देशभर पाहिलं गेलं. बक्षिसाच्या रकमेतला अर्धा वाटा शेळके यांनी त्या मुलाला दिला. फलाटावर उतरून आमच्या धाकट्याने ती जागा कुठली असेल याचा अंदाज बांधला. शाळा-दवाखान्यांच्या बाबतीत वांगणी अजून बदलापूरवर अवलंबून आहे, आम्ही पुढच्या गाडीने निघालो.

वांगणीनंतर जिल्हा बदलतो. शेलू, नेरळपासून रायगड. नेरळला पाऊल ठेवलं की सगळ्यांचं लक्ष डावी-उजवीकडे न जाता थेट छोट्या रुळांकडे जातं. दोन फूट रुंदीच्या रुळांची ही माथेरानची गाडी आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याच्या पैशांतून, त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांच्या पुढाकाराने १९०७ मध्ये सुरू झाली. पावसाळ्यात ती नेरळहून बंद असते, आणि तो बंद व्हायचा दिवस जवळ आला होता. शाळेच्या वयाच्या मुलांचं दप्तर आणि भूगोल एकत्र आणणारी याहून चांगली जागा नाही: वर आठशे मीटरवर मोटारगाड्यांना बंदी असलेलं गाव, खाली मुंबईकडे दर तासाला जाणाऱ्या लोकल.

नेरळची बाजारपेठ चालण्याच्या अंतरात आहे. वाणी, शिंपी, डॉक्टर, शाळा, सगळं स्थानकाच्या आसपास. चौकात हुतात्म्यांची नावं आहेत. भाई कोतवाल माथेरानचे, १९१२ चा जन्म, शिकून वकील झाले. त्यांनी या भागातल्या शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा काढल्या, उपासमारीच्या दिवसांसाठी धान्याच्या पेढ्या काढल्या, आणि १९४२ मध्ये आझाद दस्ता उभारून मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले. मघाशी सांगितलेल्या नदीच्या पाण्यातून जी वीज निघत होती, तीच वाहून नेणाऱ्या तारा. २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर पोलिसांच्या गोळीबारात ते आणि हिराजी पाटील मारले गेले. पुस्तकात या लढ्याला दोन ओळी असतात. इथे डोंगर समोर दिसतो.

एवढं असूनही नेरळबद्दल मी सावध राहीन. वस्ती शहरासारखी वाढली पण कारभार ग्रामपंचायतीचा. सांडपाणी, कचरा, रस्ते यांवर त्याचा ताण उघड्या डोळ्यांना दिसतो. शिवाय ‘नेरळ’ म्हणून जी घरं विकली जातात त्यांतली कित्येक स्थानकापासून चार-पाच किलोमीटर आत, भातखाचरांच्या मधोमध आहेत. संध्याकाळी साडेआठला पावसात उतरल्यावर रिक्षा मिळणार की नाही, यावर तिथलं आयुष्य बेतलेलं. भाच्याने दाखवलेली डोंगरांची चित्रं यांतलीच होती. तिथल्या सातव्या मजल्यावरून पेबचा किल्ला आणि माथेरानची कड इतकी सुरेख दिसते की तो पाच मिनिटं बोलला नाही. सुनेने विचारलं, “शाळा?” तर बस येते म्हणाले. सकाळी सव्वासहाला.

कर्जत शंभर किलोमीटर. लोकलने सीएसएमटी साधारण दोन तास. तिथे पोचताच माझं वय विसरायला होतं, कारण वड्याचा वास तसाच आहे. हा वडा इथेच का प्रसिद्ध झाला याचं कारण चढणीत आहे. कर्जतनंतर बोरघाट सुरू होतो, सदतीस फुटांना एक फूट असा चढ. पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना मागून ढकलायला इथे जादा इंजिनं, बँकर, जोडतात. ती जोडेपर्यंत गाडी थांबायची, आणि थांबलेल्या गाडीच्या खिडक्यांखाली दिवाडकरांचा वडा तयार असायचा. घाट १८६३ मध्ये खुला झाला. त्याचं काम घेतलेला कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल इथे येऊन थोड्याच दिवसांत वारला आणि त्याची बायको अ‍ॅलिस हिने ठेका पुढे नेला. मुलीने ही गोष्ट दोनदा सांगायला लावली.

कर्जत मला वाटलं होतं त्यापेक्षा निराळं निघालं. मी ते उपनगराचं टोक समजत होतो. ते तालुक्याचं गाव आहे: कचेऱ्या, न्यायालय, सरकारी रुग्णालय, बाजार, शाळा, नदीकाठी देवळं. इथल्या पुष्कळ लोकांना मुंबईशी रोजचं देणंघेणं नाही. इथे कोकण कृषी विद्यापीठाचं भात संशोधन केंद्र आहे आणि ‘कर्जत-३’ सारख्या वाणांमुळे कोकणातल्या शेतकऱ्याच्या तोंडी या गावाचं नाव बियाण्याच्या पिशवीवरून येतं, लोकलच्या पाटीवरून नाही. नोकरदारांच्या गावात दिवसभर म्हातारे आणि मुलंच दिसतात. कर्जतच्या बाजारात भर दुपारी तरुण माणसं आपापल्या कामात होती, आणि ती मुलांना दिसत होती. शिक्षक, वकील, सुतार, कंपाउंडर, बियाणंवाला. मुलाने चालत जाऊन गाठाव्या अशा जागांची सुनेची यादी इथे जवळजवळ पूर्ण झाली.

आणि तरीही अडलं. गाड्या. बदलापूरनंतर लोकलची संख्या घटते, कर्जतला एक चुकली की बराच वेळ पुढची नाही. पावसात घाटात किंवा वांगणीत काही झालं की कर्जत तुटतं. पनवेल-कर्जत हा नवा उपनगरी मार्ग बांधला जातोय. तो झाला की नवी मुंबई जवळ येईल, आणि एनए (बिगरशेती) प्लॉटच्या जाहिराती ते आजच झाल्यासारखं लिहितात. पण भाच्याची कचेरी दादरलाच राहणार. सुनेने त्याला सरळ विचारलं, “तू रोज पहाटे साडेपाचला निघून रात्री नऊला आलास, तर हे सगळं सुंदर गाव तू बघणार कधी?” तो म्हणाला, “मुलं बघतील.” यावर कोणाला पटकन उत्तर सुचलं नाही.

ते उत्तर दिलं कर्जतच्या फलाटावरच्या गर्दीने. पुढच्या दिवशी सकाळी लवकर आम्ही खोपोलीच्या गाडीची वाट बघत होतो, आणि समोरच्या मुंबईच्या गाडीत चढणाऱ्यांत पाठीवर दप्तर असलेली सोळा-सतरा वर्षांची मुलं-मुली भरपूर होती. उल्हासनगरला, कल्याणला, ठाण्याला, काही थेट माटुंग्याला. हवी ती शाखा, हवं ते महाविद्यालय, हवा तो क्लास इथे मिळत नाही म्हणून. म्हणजे जे कुटुंब मुलांच्या बालपणासाठी या गावात येतं त्याची मुदत दहावीपर्यंतच. अकरावीपासून मूल स्वतःच पास काढतं. आमच्या मुलीच्या हातात चार वर्षं होती, हा हिशेब तोवर कोणीच केला नव्हता.

खोपोलीपर्यंतचे पंधरा किलोमीटर म्हणजे एकेरी मार्ग, पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी. घाट होण्याआधी, १८५६ मध्ये, रेल्वे याच बाजूने खोपोलीपर्यंत आली होती. तिथे उतरून माणसं पालखीने किंवा बैलगाडीने खंडाळ्याला चढायची आणि वर पुण्याची गाडी पकडायची. पुढे बोरघाटाने मुख्य रेल्वेमार्ग पळसदरीहून वर नेला आणि खोपोली आडबाजूला पडली. त्यामुळेच तिथे नाना फडणविसांनी बांधलेला तलाव आणि महादेवाचं देऊळ अजून निवांत आहे. टाटांचं पहिलं वीजघर इथलं, १९१५ चं. इथलं पाणी मात्र उल्हासला जात नाही, पाताळगंगेला जातं.

तलावाच्या काठावर चौघांनी मतं दिली. भाच्याचं कर्जत. सुनेचं बदलापूर, जुन्या भागात, शाळेपासून चालत. धाकट्याचं नेरळ, कारण उघड आहे. मुलीला विचारलं तर तिने आधी मलाच विचारलं, “आजोबा, बदलापूरची गाडी सकाळी रिकामी येते ना?” रिकामी येते म्हटल्यावर तिनेही बदलापूर म्हटलं.

लगेच विकत काही घेतलेलं नाही. एक पावसाळा भाड्याने राहून बघायचं ठरलं आहे. सून दोन शाळांच्या मुख्याध्यापिकांना पुन्हा भेटून आली, भाचा सध्या पूररेषेचा नकाशा मिळवायच्या मागे आहे, आणि एजंटला सांगून ठेवलंय: पश्चिमेला चालेल, पूर्वेला चालेल, तळमजला नको.